पुढारी कोण आणि पुढाकार कोणाचा?

वर्षावासातला तिसरा रविवार. वंदना आटोपली, मंडळी पांगली, आणि मी चपला घालीत असता एक तरुण वही घेऊन पुढे आला. त्याच्या घराने तीन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली. मुलगा महाविद्यालयात शिकतो, वंदना तोंडपाठ म्हणतो, आणि नव्या माणसाचा जो उत्साह असतो तो त्याच्या चालण्याबोलण्यात दिसतो.

"जयभीम गुरुजी. एवढं शुद्धलेखन तपासून देता का?"

विहाराच्या वर्धापनदिनी हस्तलिखित अंक काढायचे ठरले आहे. जुन्या वस्तीतल्या एका आजींची मुलाखत घेण्याचे काम या मुलावर सोपवले आहे. आजींचे वय आज सत्त्याऐंशी. १९५६ च्या धर्मांतरानंतर दुसऱ्याच वर्षी त्या या वस्तीत सून म्हणून आल्या. पुढे वस्तीत दोन गट पडले आणि विहाराला दीड वर्ष कुलूप लागले. ते कुलूप १९७१ साली ज्यांनी उघडले त्या याच आजी. तेव्हापासून गुडघे थकेपर्यंत विहाराची किल्ली त्यांच्या कनवटीला होती. मुलाखतीचा विषय मंडळानेच ठरवून दिला होता : 'नेतृत्व'.

वहीत वीस प्रश्न होते. पहिला : आपण समाजाचे नेतृत्व कसे स्वीकारले? दुसरा : नेत्याच्या अंगी कोणते गुण असावेत? तिसरा : आपल्या यशाचे रहस्य काय? विसावा अर्थातच : आजच्या तरुणांना आपण काय संदेश द्याल? शुद्धलेखनाच्या चुका दोनच निघाल्या. प्रश्नांबद्दल मात्र मला बोलावे लागले, आणि आम्ही विहाराच्या पायरीवर अंधार पडेपर्यंत बसलो. जे बोलणे झाले ते इतर घरांतही उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे लिहीत आहे.

मी त्याला म्हटले, हे प्रश्न तू आजींना विचारलेस काय, आमदाराला विचारलेस काय आणि क्रिकेटच्या कप्तानाला विचारलेस काय, उत्तरे तीच येतील. कारण तू माणसाला त्याच्या पदाबद्दल विचारतो आहेस. आपल्या मराठीत दोन शब्द अगदी शेजारी राहतात. पुढारी हा माणूस. पुढाकार ही कृती. पुढारी एकदा झाला की तो झोपलेला असला तरी पुढारीच असतो, फलकावर त्याचे नाव राहते. पुढाकार मात्र त्या दिवशी, त्या वेळी घ्यावा लागतो आणि काम पार पडले की तो संपतो. दुसऱ्या कामाला दुसऱ्या कोणी तो घ्यावा लागतो. आजींना जर तू पुढारी म्हणून विचारलेस तर त्या म्हणतील, "मी कसली रे पुढारी?" आणि खरेच सांगतील. मग तू लिहिशील, 'आजींचा विनय वाखाणण्याजोगा आहे', आणि जे कळायला हवे होते ते आजींजवळच राहील.

हे मी शहाणपणाने सांगत नव्हतो. मार खाऊन सांगत होतो. १९८४ साली मी स्वतः अशी एक मुलाखत घेतली होती. नुकता नोकरीला लागलो होतो, लिहिण्याची हौस होती. स्मरणिका निघणार होती. एका खेड्यात १९५७ साली सर्व घरांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडले आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्या लढ्याचे पुढारी म्हणून ज्यांचे नाव होते ते गृहस्थ तेव्हा हयात होते. मी गेलो, सतरंजीवर बसलो आणि भारदस्त प्रश्न विचारले. त्यांनी भारदस्त उत्तरे दिली. सभा किती झाल्या, मामलेदाराकडे अर्ज कसा दिला, गावपाटलाला तोंडावर काय सुनावले. सगळे खरे होते. स्मरणिका छापून आली तेव्हा मी प्रत घेऊन त्या वस्तीत गेलो. शेजारच्या घरातल्या एका म्हाताऱ्या बाईने नातीकडून ती सगळी वाचून घेतली आणि मला हाक मारली.

"मास्तर, ह्यात आमच्या जात्याचं काईच न्हाई व्हय रं?"

मला कळेना. मग तिने सांगितले. बहिष्कार पडला तेव्हा पिठाच्या गिरणीवाल्याने दळण घेणे बंद केले. गिरणी आल्यापासून घरोघरची जाती कोपऱ्यात पडलेली होती, काहींच्या पाळूला टाके उरले नव्हते. अकरा घरांत मिळून तीन जाती चालती होती. बायकांनी पाळ्या लावल्या. ज्यांच्या घरी जोंधळा शिल्लक होता त्यांनी तो बाहेर काढला, ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या पोरांना त्यातले पीठ मिळाले. सव्वीस दिवस रात्रीचे दळण चालले. पुरुषांची सभा त्या दळणावर उभी होती. एका घरातून गुपचूप गावात जाऊन माफी मागण्याचा विचार चालू होता, तो या जात्यावरच बोलता बोलता मोडला गेला.

मी त्या गृहस्थांकडे पुन्हा गेलो आणि विचारले, हे तुम्ही मला का नाही सांगितले? ते म्हणाले, "तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही नेतृत्वाबद्दल विचारलं." त्यांचा काही दोष नव्हता. माझ्या प्रश्नातच जात्याला जागा नव्हती. ती बाई पुढच्याच वर्षी वारली. पाळ्या कोणी लावल्या, जोंधळा कोणी मोजला, ती नावे आता कोणालाच सांगता येत नाहीत.

तरुण म्हणाला, "पण गुरुजी, कोणीतरी एक पुढे असल्याशिवाय काही होतं का?" प्रश्न चांगला होता. यावर आपल्या धम्मात फार जुनी एक मुलाखत आहे, ती मी त्याला सांगितली.

भगवान बुद्धांचे महापरिनिर्वाण होऊन फार दिवस झाले नव्हते. भदन्त आनंद राजगृहात होते. राजा अजातशत्रू अवंतीच्या प्रद्योत राजाच्या भयाने नगराची तटबंदी पक्की करून घेत होता. भिक्षेची वेळ अजून झाली नव्हती म्हणून आनंद त्या बांधकामावर देखरेख करणाऱ्या गोपक मोग्गल्लान नावाच्या ब्राह्मणाकडे गेले. बोलणे चालू असता मगधाचा महामंत्री वस्सकार तेथे आला. मज्झिम निकायात या प्रसंगाचे सुत्त आहे. वस्सकाराने एकामागून एक प्रश्न केले. गोतमाने आपल्यामागे कोणी एक भिक्खू नेमून दिला आहे काय, ज्याच्याकडे तुम्ही आता धाव घेता? आनंद म्हणाले, नाही. मग संघाने मिळून कोणी एक निवडला आहे काय? तेही नाही. मग तुम्हाला कोणाचा आधारच नाही, तर तुमच्यात एकी राहते कशी?

हा मंत्र्याचा प्रश्न आहे. राज्यकारभार करणाऱ्या माणसाला वाटते की वर एक नाव असल्याशिवाय खाली चार माणसे एकत्र राहूच शकत नाहीत. आनंदांनी उत्तर दिले ते असे, की आम्ही निराधार नाही, धम्म हा आमचा आधार आहे. आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत, थांबले असते तर ते नुसते सुभाषित झाले असते. त्यांनी कामाची रीत सांगितली. दर उपोसथाला एका गावाच्या आसपास राहणारे आम्ही सगळे एकत्र जमतो. ज्याला नियम मुखोद्गत आहेत त्याला ते म्हणायला सांगतो. म्हणत असता कोणाकडून चूक झाल्याचे आढळले तर धम्माप्रमाणे तिचा निकाल लावतो. आम्हाला कोणी माणूस वळण लावीत नाही, धम्म लावतो.

मंत्री हुशार. त्याने पुढे विचारले की, ज्याचा तुम्ही आदर करता असा एकही भिक्खू नाही काय? यावर मात्र आनंद म्हणाले, आहे. आणि त्यांनी दहा गुण सांगितले. शील आहे, बहुश्रुतपणा आहे, मिळेल त्यात संतोष आहे, ध्यान आहे, शेवटी आसवांचा क्षय आहे. ज्याच्या अंगी हे दिसते त्याचा आम्ही मान ठेवतो. म्हणजे मोठेपणा नाकारलेला नाही. फक्त तो नेमणुकीने येत नाही आणि वारशाने तर नाहीच नाही.

या वस्सकाराची आणखी एक गोष्ट आहे. महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी हाच मंत्री अजातशत्रूचा निरोप घेऊन गृध्रकूटावर येतो. वज्जींवर स्वारी करायची आहे, तथागत काय म्हणतात? तथागतांनी त्याला सरळ उत्तर दिले नाही. मागे उभे राहून वारा घालणाऱ्या आनंदांकडे वळून त्यांनी सात प्रश्न केले. वज्जी वारंवार सभा भरवतात असे तू ऐकले आहेस काय? एकजुटीने जमतात, एकजुटीने उठतात, एकजुटीने कामे करतात काय? ठरलेले नियम पाळतात काय? वडीलधाऱ्यांचे ऐकतात काय? कुलस्त्रियांवर, मुलींवर जबरदस्ती करीत नाहीत ना? आपली चैत्ये राखतात काय? अर्हतांचे रक्षण करतात काय? साऱ्या सातांत वज्जींच्या एकाही राजाचे नाव विचारलेले नाही. एखाद्या समाजाचे नेतृत्व कसे आहे हे तपासायचे तर काय विचारावे, याचा मला तरी याहून चांगला नमुना माहीत नाही. मी मुलाला म्हटले, तुझे वीस प्रश्न बाजूला ठेव आणि हे सात समोर ठेवून आजींकडे जा. सभा कधी भरायची? बायका सभेत बसायच्या की दाराबाहेर? ठरलेले पाळले गेले नाही तर काय व्हायचे?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे भाषण केले त्यात या दोन्ही गोष्टी आहेत. भिक्खू संघाच्या सभांना बसण्याचे, ठराव मांडण्याचे, गणपूर्तीचे, मतमोजणीचे नियम होते हे त्यांनी त्या सभागृहाला सांगितले. आणि त्याच भाषणात राजकारणातील विभूतिपूजेबद्दल बजावले, की ती हमखास अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. आपण त्यांचीच तसबीर लावून त्यांचे हेच म्हणणे विसरतो, हा भाग वेगळा.

महाडचेच पाहा. १९ व २० मार्च १९२७ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या ओंजळीमागे किती पुढाकार आहेत? १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव सीताराम केशव बोले यांनी आणला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, त्यात सुरेंद्रनाथ टिपणीस होते. परिषद महाडलाच भरली पाहिजे म्हणून खटपट करणारे रामचंद्र बाबाजी मोरे त्याच भागातले तरुण होते. ते पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले आणि आपल्या व्यासपीठांवरून त्यांचे नाव बराच काळ कमी ऐकू येत गेले. अनंतराव चित्रे होते. परिषदेला पाणी मिळेना म्हणून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ते पाणी कोणी वाहिले असेल? आणि हजारो माणसे तळ्यापर्यंत रांगेने चालत गेली, त्यांतल्या प्रत्येकाने गावी परतल्यावर काय भोगावे लागेल हे ठाऊक असताना पाऊल उचलले. ते पाऊल बाबासाहेब त्यांच्या वतीने उचलू शकत नव्हते. ज्याने हजारोंना आपले पाऊल आपण उचलायला लावले त्याला आपण महामानव म्हणतो. तळ्यावर ते एकटेच गेले असते तर तो फक्त एका बॅरिस्टरने बजावलेला हक्क ठरला असता.

यासाठीच उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक मी त्या मुलाच्या हाती दिले. १९८९ साली ते निघाले. आंबेडकरी चळवळीत ज्या स्त्रियांनी कामे केली त्यांच्याकडे जाऊन, त्यांना विचारून या दोघींनी ते लिहिले. नाव पाहा. 'ही' या एका अक्षरात सगळी तक्रार आहे. तोवर आपल्यापैकी किती लेखक, मी धरून, त्या घरांवरून पुढे गेले होते आणि आत डोकावले नव्हते.

आता तयारीविषयी. मुलाने विचारले, आजींकडे जाण्यापूर्वी मी काय वाचू? मी म्हटले, वाचायचे थोडे आहे, भेटायचे जास्त आहे. संयुत्त निकायात श्रावस्तीची एक कथा आहे. पसेनदी राजा भगवंतांजवळ बसला असता जटाधारी, निगंठ, नग्न असे निरनिराळे तपस्वी जवळून गेले. राजा उठला, गुडघा टेकून त्याने त्यांना हात जोडले आणि भगवंतांना म्हणाला की हे जगातल्या अर्हतांपैकी आहेत. भगवंत म्हणाले की संसारात राहणाऱ्याला हे ओळखणे कठीण आहे. माणसाचे शील कळते ते त्याच्याबरोबर राहिल्याने. त्याचा सचोटीपणा कळतो व्यवहारातून. त्याचे धैर्य कळते संकटात. त्याचे शहाणपण कळते चर्चेतून. आणि हे सर्व दीर्घ काळाने, लक्ष देऊन पाहणाऱ्यालाच कळते. तेव्हा राजाने कबूल केले की, ते तपस्वी म्हणजे त्याचेच हेर होते.

आता हिशेब कर, मी म्हटले. मुलाखत म्हणजे या चारांतले फक्त चौथे. तास दोन तास तू आजींशी बोलणार, त्यातून त्यांचे शहाणपण कळेल. शील, सचोटी आणि धैर्य या तीन गोष्टी आजी स्वतः सांगू शकत नाहीत, आणि सांगितल्या तरी त्या सांगण्याने सिद्ध होत नाहीत. म्हणून आधी त्यांच्या सुनेकडे जा, ती त्यांच्याबरोबर राहिली आहे. ज्या दुकानातून विहारासाठी तेल-उदबत्ती येत असे त्या दुकानदाराच्या मुलाकडे जा, त्याच्याशी व्यवहार झाला आहे. आणि कुलूप उघडले त्या दिवशी जे जे तेथे होते त्यांतले कोणी उरले असेल तर त्याच्याकडे जा. दोन्ही गटांतल्या माणसाकडे जा, एकाकडेच नको. मग आजींसमोर बस. तोवर तुझे निम्मे प्रश्न आपोआप गळून पडलेले असतील आणि जे उरतील ते दुसऱ्या कोणाला सुचणारच नाहीत असे असतील.

येथे मुलगा जरा चाचरला. "गुरुजी, एक विचारू का? लोक म्हणतात, त्या वेळच्या वर्गणीचा हिशेब लागला नाही. तेही विचारायचं का? आजींना वाईट वाटेल."

खरी अडचण हीच होती आणि तो शुद्धलेखनासाठी आलाच नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षात आले. दोन्ही गटांची नातवंडे आज त्याच हस्तलिखितात लिहिणार आहेत. त्याचे घर नवे. जुन्या वस्तीच्या जुन्या जखमेवर बोट ठेवले तर 'काल आले आणि आज हिशेब मागू लागले' असे कोणी म्हणेल, ही त्याला भीती होती. आणि ती खोटी नाही. असे बोलणारे आपल्यात आहेत. दीक्षेला वर्षे किती झाली यावरून माणसाची प्रतवारी करणारे लोक ज्या व्यवस्थेतून बाहेर पडलो तिचीच पायरी पुन्हा बांधत असतात.

मी म्हटले, विचार. मज्झिम निकायात एक वीमंसक सुत्त आहे, त्यात तथागतांनी भिक्खूंना सांगितले आहे की तथागतालाही पारखून घ्या, डोळ्यांनी पाहा, कानांनी ऐका, आणि त्याच्या वागण्यात मळ आहे की नाही याचा शोध करा. ज्या शास्त्याने स्वतःला पारखायला दिले त्याच्या विहारात वर्गणीचा हिशेब विचारणे हा अवमान कसा होईल? पण कसे विचारावे याला महत्त्व आहे. 'पैसे कुठे गेले?' हा प्रश्न नाही, तो आरोप आहे. 'हिशेब कोण लिहीत असे? वही कोणाकडे असायची?' हा प्रश्न आहे. पहिल्याने तोंड बंद होते, दुसऱ्याने एखादी जुनी पत्र्याची पेटी उघडू शकते. आणि तो पहिल्या तासात विचारू नये.

उत्तराबद्दलही एक सांगितले. धम्मात प्रश्नाला उत्तर देण्याच्या चार रीती मानल्या आहेत. काही प्रश्नांना सरळ उत्तर द्यावे. काहींचे विभाजन करून द्यावे. काहींना उलट प्रश्न विचारून द्यावे. आणि काही बाजूला ठेवावेत. आजी यांतली कोणतीही रीत वापरतील. त्या म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे", तर राहू दे. त्या गप्प बसल्या तर तूही गप्प बस. ती रिकामी जागा आपल्या शब्दांनी भरू नकोस. घरातले पुरुष मध्येच उत्तर देतील, तेव्हा त्यांचेही लिहून घे पण आजींच्या नावावर घालू नकोस. 'म्हणजे तुम्हाला असं वाटलं ना, की अन्यायाविरुद्ध लढलं पाहिजे?' असे विचारलेस तर त्या मान हलवतील, आणि तू ते अवतरण म्हणून लिहिशील. मुसावादापासून दूर राहण्याचे शील आपण रोज घेतो. खोटे फक्त बोलणाराच बोलतो असे नाही. दुसऱ्याच्या तोंडात आपले वाक्य घालणाराही त्यात भागीदार असतो. शिक्षक म्हणून मी हे वर्गात पुष्कळ केले आहे, म्हणून सांगतो.

आजींची भाषा जशी आहे तशी लिही, हेही सांगितले. शुद्ध करून लिहिलेली आजी ही दुसरीच कोणी बाई असते.

अंधार पडला होता. निघता निघता मी सहज विचारले, "तुमच्या घरी दीक्षेचा पुढाकार कोणाचा रे?"

"बाबांचा," तो पटकन म्हणाला. मग थांबला. "म्हणजे सगळे तसंच सांगतात."

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा वही कोरी होती. त्याने घरी विचारले होते. वडिलांनी निर्णय सांगितला हे खरे, पण त्याआधी दोन वर्षे आई शेजारणीबरोबर विहारात येऊन मागे बसत होती, आणि देव्हारा उतरवायच्या दिवशी वडिलांचे हात थरथरले तेव्हा टाक फडक्यात बांधून तिनेच उचलले होते. हे त्याला नवे होते. पण त्याला जे लागले ते निराळेच. दीक्षेच्या दिवशी त्याच्या आजीने, वडिलांच्या आईने, हात जोडले होते पण ती प्रतिज्ञा म्हणाली नव्हती. ओठ हलले नाहीत हे आईने पाहिले होते. तीन वर्षे कोणी काही बोलले नाही. घराने दीक्षा घेतली असे सगळे म्हणतात. त्या घरात ही म्हातारी आहे की नाही?

"बाबांचं चुकलं का गुरुजी?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही आणि आजही ते पुरते देऊ शकेन असे वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आधी स्वतः महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली, आणि मग ज्यांना बौद्ध व्हायचे असेल त्यांनी उभे राहावे असे म्हटले. लाखो लोक तेथे त्यांच्याच शब्दावर आले होते, तरी त्यांनी ते गृहीत धरले नाही. प्रत्येकाला उभे राहायला लावले, बावीस प्रतिज्ञा प्रत्येकाच्या तोंडून वदवून घेतल्या. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात प्रत्येक बौद्धाला दुसऱ्यास दीक्षा देण्याचा अधिकार आहे असे जाहीर केले. तेव्हा शरण जाणे हे दुसऱ्याच्या वतीने होत नाही, बापाने मुलाच्या किंवा मुलाने आईच्या वतीनेही नाही, एवढे स्पष्ट आहे. पण याच्या दुसऱ्या बाजूलाही एक गोष्ट आहे. सगळ्यांचे ओठ हलेपर्यंत थांबायचे म्हटले तर कोणत्या घरात देव्हारा उतरला असता? १९५७ च्या त्या अकरा घरांतही सगळी मनाने तयार नव्हती, एक घर माफी मागायला निघालेच होते. कोणीतरी पाऊल आधी टाकते, बाकीचे मागाहून येतात, काही अर्धवट येतात. वडिलांनी पाऊल टाकले याला मी चूक म्हणणार नाही. टाकल्यानंतर तीन वर्षांत मागे वळून आईला विचारले नाही, ती मात्र त्यांच्याकडून राहून गेलेली गोष्ट आहे. आणि ती माझ्याकडूनही राहिली, कारण त्या दिवशी विहारात प्रतिज्ञा मीच वाचून दाखवीत होतो आणि माझे डोळे कागदावर होते.

हे मी त्याला तसेच सांगितले.

विहाराच्या आजींची मुलाखत त्याने एक रविवार पुढे ढकलली आहे. मंडळाला सांगितले की तयारी अपुरी आहे. आधी त्याला स्वतःच्या आजीशी बोलायचे आहे. ती समोर बसवून विचारले तर काही बोलत नाही. पहाटे तांदूळ निवडायला बसते तेव्हा मात्र आपल्याशीच पुटपुटत असते. त्याने आईला सांगून ठेवले आहे की या आठवड्यात सकाळचे तांदूळ तोही निवडायला बसणार.